काटकसरीचे भाषण, उधारीचे मतदान

नमस्कार. 18 नोव्हेंबर 2011 या दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एक घटनादुरुस्ती मताला आली. आशय साधा होता: केंद्र सरकारने दरवर्षी जमेइतकाच खर्च करायचा. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात. 261 विरुद्ध 165 अशी मते पडली आणि ती फेटाळली गेली. विरोधात जाणारे बहुतेक डेमोक्रॅट होते. रिपब्लिकन पक्षाचे फक्त चार सदस्य विरोधात गेले, आणि त्यांतले एक होते पॉल रायन. प्रतिनिधीगृहाच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष. राष्ट्रीय कर्जाचे तक्ते घेऊन देशभर फिरणारे, कर्जाबद्दल सगळ्यांत गंभीर असलेला नेता अशी ख्याती मिळवलेले.

या मताकडे बोट दाखवून मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. ते सोपे आहे आणि चूकही आहे. मत देताना त्यांनी कारण दिले होते. या मसुद्यात खर्चाला मर्यादा नाही, करवाढीला अडसर नाही. त्यामुळे उद्या कर वाढवून ताळेबंद जुळवला जाईल आणि सरकार आणखी मोठे होईल, अशी त्यांना भीती होती. हे कारण प्रामाणिक होते, आणि आजचा माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. तूट राहिली तरी चालेल, कर वाढता कामा नये, असा क्रम ते सांगत होते. वीस वर्षांची त्यांची मते मांडून बघितली की तोच क्रम दिसतो. कर्ज हा त्यांचा विषय कधीच नव्हता. कर हा होता.

रायन विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचे. 1998 ची निवडणूक जिंकून जानेवारी 1999 मध्ये ते सभागृहात आले तेव्हा वय होते 28, आणि अमेरिकेचे एकूण सरकारी कर्ज होते सुमारे 5.6 लाख कोटी डॉलर. जानेवारी 2019 मध्ये ते सभापतिपदावरून उतरून निवृत्त झाले तेव्हा हा आकडा 22 लाख कोटींच्या घरात होता. याचे खापर एका माणसावर फोडणे हास्यास्पद ठरेल. मध्ये दोन युद्धे झाली, 2008 चे आर्थिक अरिष्ट आले, आठ वर्षे ओबामा होते. पण या वाढीला कारण ठरलेले मोठे कायदे एकेक करून घेतले, तर रायन यांचे नाव कोणत्या बाजूला आहे हे बघता येते. प्रत्येक मत नोंदलेले असते.

सुरुवात कुठून झाली ते आधी लक्षात घ्या. 2000 साली अमेरिकेच्या तिजोरीत 236 अब्ज डॉलरची शिल्लक होती. तूट नव्हे, शिल्लक. जानेवारी 2001 मध्ये काँग्रेशनल बजेट ऑफिसने, म्हणजे संसदेच्याच तटस्थ हिशेबनिसाने, पुढच्या दहा वर्षांत 5.6 लाख कोटींची शिल्लक पडेल असा अंदाज दिला. त्या अंदाजावर विसंबून 2001 मध्ये 1.35 लाख कोटींची करकपात झाली. रायन यांचे मत: हो. ऑक्टोबर 2002 मध्ये इराकवर बळाचा वापर करण्याची परवानगी. मत: हो. त्या युद्धाचा खर्च बराच काळ नेहमीच्या अर्थसंकल्पाबाहेर, तातडीच्या पुरवणी मागण्यांतून भागवला गेला, म्हणजे उसनवारीतून. युद्ध चालू असतानाच 2003 मध्ये आणखी 350 अब्जांची करकपात. पुन्हा हो. युद्ध पेटलेले असताना कर कमी करणे ही अमेरिकेच्या इतिहासात फार विरळा गोष्ट आहे. एरवी युद्धासाठी कर वाढवत आले आहेत.

यातच एक बारीक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. 1990 मध्ये थोरल्या बुश यांनी डेमोक्रॅटांशी तडजोड करून एक नियम आणला होता: नवी करकपात किंवा नवी कायमस्वरूपी योजना आणायची असेल, तर तिची भरपाई कुठून करणार तेही दाखवा. त्या तडजोडीची किंमत बुश यांनी स्वतःच्या पक्षाचा रोष पत्करून मोजली. हा नियम 2002 मध्ये मुदत संपून गळून पडला आणि त्याला मुदतवाढ मिळाली नाही. त्यानंतर 2003 उजाडले.

2003 मधला सगळ्यांत मोठा कायदा मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, औषधांचा खर्च सामील करणारा. माझ्या मते रायन यांच्या कारकिर्दीतले सगळ्यांत बोलके मत हेच, म्हणून इथे जरा थांबतो. 22 नोव्हेंबर 2003. मतदान सुरू झाले पहाटे तीनच्या सुमारास. साधारणपणे पंधरा मिनिटांत आटोपणारे मतदान जवळजवळ तीन तास उघडे ठेवले गेले, कारण आकडे जमत नव्हते. रिपब्लिकन नेते स्वतःच्याच सदस्यांना बाजूला घेऊन वळवत होते. शेवटी 220 विरुद्ध 215. तब्बल पंचवीस रिपब्लिकन तेव्हा विरोधात राहिले. खर्च झेपणारा नाही असे त्यांतल्या अनेकांचे म्हणणे होते. रायन त्यांच्यात नव्हते.

संसदेला सांगितलेला खर्च होता दहा वर्षांत सुमारे 400 अब्ज. मेडिकेअरचे मुख्य विमागणिती रिचर्ड फॉस्टर यांचा स्वतःचा अंदाज याहून बराच जास्त होता, पण तो संसदेला देऊ नका, दिलात तर नोकरी जाईल, असे त्यांना वरून बजावण्यात आले होते. हे बाहेर आले ते कायदा झाल्यावर. न्याय म्हणून हेही सांगतो की प्रत्यक्षात ही योजना भाकितांपेक्षा स्वस्त पडली. पण माझा आक्षेप रकमेवर नाही, रचनेवर आहे. या योजनेसाठी नवा कर लावला नाही की दुसरीकडचा खर्च कापला नाही. लाभार्थ्यांच्या हप्त्यातून थोडाच हिस्सा येतो, बाकीचा बहुतेक भार सर्वसाधारण महसुलावर, आणि तो महसूल तर नुकताच दोनदा कापलेला.

आता हे 2011 शेजारी ठेवा. तेव्हा रायन सांगत होते की अमेरिकेला बुडवणार आहे ते मेडिकेअर, कारण लोकसंख्या म्हातारी होते आहे आणि उपचार महागत आहेत. हे निदान बरोबर आहे. ज्यांना ते आवडत नाही त्यांनीही दीर्घ मुदतीचे तक्ते बघावेत. ते मोठ्याने बोलायला धाडसही लागले. आजीला कड्यावरून ढकलणारा माणूस अशी त्यांची जाहिरात केली गेली. पण याच मेडिकेअरमध्ये गेल्या कित्येक दशकांतली सगळ्यांत मोठी भर, तीही भरपाईविना, ज्या मतदानाने पडली त्यात त्यांचा हात वर होता. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये आपला माणूस होता आणि समोर निवडणूक होती.

2008 चे बँकांचे बचाव पॅकेज, ते 700 अब्जांचे, हे मी त्यांच्या विरोधात मोजत नाही. पुष्कळ टीकाकार मोजतात. त्यांनी सभागृहात त्याच्या बाजूने भाषण केले आणि दोन्ही वेळा होकार दिला. पण त्यातले बहुतेक पैसे परत आले, आणि तेव्हा ‘नाही’ म्हणणे ही काटकसर नव्हती, बेफिकिरी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटार कंपन्यांना कर्ज देण्याच्या विधेयकालाही त्यांनी होकार दिला. त्यांच्या गावातला जनरल मोटर्सचा कारखाना त्याच महिन्यात थांबत होता. समजण्यासारखे आहे. फक्त सरकारने बाजारात हात घालू नये ही पुढची व्याख्याने त्या मताच्या शेजारी ठेवून ऐकावीत, एवढेच.

मग ओबामा आले. 2010 मध्ये त्यांनी बोल्स-सिम्पसन आयोग नेमला. अठरा सदस्य, दोन्ही पक्षांचे. दहा वर्षांत सुमारे 4 लाख कोटींनी तूट कमी करण्याचा आराखडा तयार झाला, त्यात खर्चकपातही होती आणि जादा महसूलही. अधिकृत शिफारशीसाठी चौदा मते हवी होती, मिळाली अकरा. सात विरोधी मतांत एक रायन यांचे. आता हे बघा: त्याच आयोगावरचे तीन रिपब्लिकन सिनेटर ‘हो’ म्हणाले. टॉम कोबर्न, माइक क्रेपो आणि जड ग्रेग. कोबर्न तर ओक्लाहोमाचे, सरकारी उधळपट्टीवर दरवर्षी जाडजूड अहवाल काढणारे. त्यांना मवाळ कोणीच म्हणणार नाही. म्हणजे उजव्या विचाराच्या माणसाला तिथे ‘हो’ म्हणणे अशक्य नव्हते. रायन यांची तक्रार होती की आराखडा आरोग्यखर्चाच्या मुळाशी जात नाही आणि कर वाढवतो. पुन्हा तोच क्रम.

हे मत नोंदवून दोन वर्षे होत नाहीत तोच, ऑगस्ट 2012 मध्ये, उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना टॅम्पाच्या अधिवेशनात त्यांनी ओबामांवर तोफ डागली: कर्जाबाबत आयोग नेमला, त्याचा अहवाल आला, आणि यांनी त्याचे काहीच केले नाही. त्या आयोगावर आपण होतो आणि आपण विरोधात मत दिले, हे वाक्य भाषणात नव्हते. त्याच प्रचारात ओबामांनी मेडिकेअरमधून 716 अब्ज काढून घेतले असा गजर चालला होता. रायन यांच्या स्वतःच्या अर्थसंकल्पांनी तीच बचत जशीच्या तशी धरली होती.

त्या अर्थसंकल्पांबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्यांची कीर्ती त्यांवरच उभी आहे. त्यांत आयकराचा सर्वोच्च दर 25 टक्क्यांवर आणायचा आणि तरीही महसूल ठरावीक पातळीवर राहील असे गृहीत होते. का राहील? कारण करसवलती बंद करू. कोणत्या सवलती? एकीचेही नाव नाही. बजेट ऑफिसने या योजनेवर टिपण लिहिले तेव्हा स्पष्ट नमूद केले की महसुलाचा मार्ग समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे रायन यांच्याच, कार्यालयाने ठरवून दिला आहे. म्हणजे तूट खाली येताना दाखवणाऱ्या आलेखातली अर्धी रेघ हिशेबातून नव्हे, सांगण्यावरून आली होती. वर्तमानपत्रांनी मात्र तो आलेख पहिल्या पानावर छापला.

कर्जमर्यादेच्या, म्हणजे सरकारने किती कर्ज काढावे याच्या कायदेशीर मर्यादेच्या, मतांवर मी फार वेळ घालवणार नाही. मर्यादा वाढवल्याने नवा खर्च मंजूर होत नाही. आधी मंजूर केलेल्या खर्चाची बिले भागवता येतात. ऑक्टोबर 2013 मध्ये सरकार सोळा दिवस बंद पडल्यावर तो तिढा सोडवणारे विधेयक आले, त्यावर रायन यांनी ‘नाही’ म्हटले. फेब्रुवारी 2014 मध्येही ‘नाही’. धाकट्या बुश यांच्या काळात याच सभागृहाने असा नियम ठेवला होता की अर्थसंकल्पी ठराव संमत झाला की कर्जमर्यादेचे विधेयकही संमत झाले असे समजायचे, वेगळे मत नोंदवायला नको. तो नियम रिपब्लिकनांनी रद्द केला 2011 मध्ये, ओबामा अध्यक्ष असताना.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे मांडायची तर डिसेंबर 2013. सिनेटर पॅटी मरे यांच्याबरोबर बसून त्यांनी खराखुरा तह केला. स्वपक्षीयांच्या शिव्या खाल्ल्या. पण त्यातही दोन वर्षांसाठी खर्चाची मर्यादा 63 अब्जांनी तातडीने वर गेली, आणि भरपाईचा मोठा भाग दशकाच्या शेवटाकडे ढकलला गेला.

ऑक्टोबर 2015 मध्ये ते सभापती झाले. सभापती सहसा मत नोंदवत नाहीत, पण कोणते विधेयक सभागृहासमोर यायचे ते ठरवतात. म्हणून या काळात मते वाचण्यापेक्षा कामकाजपत्रिका वाचावी. 2017 पासून व्हाइट हाउस, सिनेट, प्रतिनिधीगृह, तिन्ही त्यांच्या पक्षाकडे. बेकारी कमी, अर्थव्यवस्था वाढती. कर्ज उतरवायचे तर याहून चांगली वेळ पुस्तकातसुद्धा सापडणार नाही. डिसेंबर 2017 मध्ये आली करकपात: कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्क्यांवर. बजेट ऑफिसने एप्रिल 2018 मध्ये हिशेब मांडला. वाढीचा फायदा धरून आणि व्याज मोजून, 2028 पर्यंत तुटीत सुमारे 1.9 लाख कोटींची भर. पुढे फेब्रुवारी 2018: 2011 मध्ये तूट आवरण्यासाठीच घातलेल्या खर्चमर्यादा दोन वर्षांसाठी सुमारे 300 अब्जांनी वर. मार्च 2018: 1.3 लाख कोटींचे एकत्रित खर्च विधेयक.

आणि एप्रिल 2018. अकरा तारखेला रायन यांनी निवृत्ती जाहीर केली. बारा तारखेला सभागृहात मताला काय आले? ताळेबंद अर्थसंकल्पाची घटनादुरुस्ती. 233 विरुद्ध 184, दोन तृतीयांश नाही, फेटाळली. ती फेटाळली जाणार हे पत्रिकेवर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. 2015 च्या आर्थिक वर्षात तूट 440 अब्जांच्या आसपास होती. 2018 मध्ये 779, आणि 2019 मध्ये, बेकारी चार टक्क्यांच्या खाली असताना, 984.

कोणी विचारेल, सुटून गेलेल्या माणसाची झडती आता कशाला? कारण ही पद्धत त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नाही. जुलै 2025 मध्ये करकपातींचे आणि खर्चाचे आणखी एक अवाढव्य विधेयक 218 विरुद्ध 214 मतांनी संमत झाले. बजेट ऑफिसच्या मते दहा वर्षांत तुटीत सुमारे 3.4 लाख कोटींची भर, आणि त्यातच कर्जमर्यादा 5 लाख कोटींनी वाढवलेली. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत टेक्सासच्या चिप रॉय यांच्यासारखे अनेक सदस्य कर्जाच्या नावाने गर्जत होते. मत देताना रॉय ‘हो’ म्हणाले. रिपब्लिकनांपैकी विरोधात गेले दोघे. पेन्सिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक, त्यांची हरकत मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, कपातीला. दुसरे केंटकीचे थॉमस मॅसी. कर्ज वाढते म्हणून प्रत्यक्ष ‘नाही’चे बटण दाबणारे त्या बाकांवर तेवढे एकच होते.