मँगनीजचा काळा गोटा आणि पस्तीस डिग्री

रामटेककडे मनसर, कांद्री, बेलडोंगरी, तिकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, हा सगळा मँगनीजचा पट्टा. खदानीवर कामाला जाणारे लोक इथं गावोगावी भेटतात, आणि हा काळा गोटा तर लहान पोरानंही पाहिलेला असते. हातात घेतला की वजनानंच समजते, मऊ जातीचा असला तर बोटंही काळी होतात. मँगनीज, ऑक्सिजन, थोडं लोखंड, मुख्य माल एवढाच, पण तो आत कसा रचला जातो ते तापमानावर पण ठरते आणि मला विचाराल तर आपल्या इकडच्या शाळांत शिकवायला याच्याइतकी भारी गोष्ट दुसरी नाही.

आधी साधं फुगणं घ्या. बहुतेक ऑक्साइड, म्हणजे धातू आणि ऑक्सिजन मिळून झालेले पदार्थ, तापले की फुगतात. आतले अणू जागच्या जागी थरथरत असतात, उष्णता वाढली की जास्त थरथरतात, आणि दोन अणूंना जवळ दाबणं अवघड पण दूर सरकणं त्यामानानं सोपं, म्हणून त्यांच्यातलं सरासरी अंतर वाढत जाते. मॅग्नेशियाची, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची, मीटरभर लांबी 1000 डिग्रीनं तापवली तर साधारण 13 मिलिमीटरनं वाढते, पोलादाच्या भट्टीत विटा लावताना फट सोडतात ती यासाठीच.

पण काही क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, एका ठराविक तापमानाला आपली ठेवणच बदलतात, त्याला म्हणायचं फेज ट्रान्झिशन. मँगनीजच्या खनिजांमध्ये एक आहे हॉसमनाइट. त्यातल्या काही मँगनीज अणूंभोवती सहा ऑक्सिजन बसलेले असतात, चार जवळ आणि दोन लांब, कारण तशा बसण्यात त्या अणूची ऊर्जा कमी होते. हे 1937 साली यान आणि टेलर या दोघांनी गणितानं मांडलं होतं. सगळे अणू एकाच दिशेनं ताणले गेले की अख्खा क्रिस्टल एका बाजूनं जवळपास 16 टक्के लांब होतो, आणि 1170 डिग्रीच्या आसपास तापवला की ही एकजूट मोडते आणि तो चारी बाजूंनी सारखा, क्युबिक होऊन जातो.

आता बेलडोंगरीचा गोटा बघा, दोऱ्याला बांधलेलं मॅग्नेट जवळ नेलं की टक् करून चिकटते! फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं 1909 साली छापलेल्या आपल्या मोठ्या अहवालात या खनिजाला व्रेडेनबर्गाइट म्हटलं. जमिनीखाली खूप गरम असताना लोखंड आणि मँगनीज एकाच क्रिस्टलमध्ये मिसळून होते, हळूहळू थंड होताना दोघांचं जमेना, मग हॉसमनाइट वेगळा झाला आणि लोखंडवाला जेकबसाइट वेगळा. मायक्रोस्कोपखाली अजूनही त्यांच्या बारीक पट्ट्या ठरलेल्या दिशांनी एकमेकींना कापत गेलेल्या दिसतात, म्हणजे तो गोटा कसा थंड झाला त्याचा हिशोबच आत लिहिलेला आहे.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. एमएन-टू-ओ-थ्री हा शुद्ध मँगनीज ऑक्साइड 35 डिग्रीच्या आसपास फेज बदलतो. पस्तीस! आपल्याकडे नवतपा लागायच्या कितीतरी आधी, मार्चातच दुपारी पारा तिथं जातो. त्याच्यावर क्युबिक, खाली आला की तिन्ही बाजू जराजरा वेगळ्या, फरक हजारात दोन भागांएवढा, डोळ्याला काहीच कळत नाही. खदानीतल्या गोट्यात मात्र हे होत नाही, कारण थोडंसं लोखंड मिसळलं तरी हा ऑक्साइड थंडीतही क्युबिकच राहतो.

म्हणून कॉलेजच्या पोरांना सांगणं आहे की या शुद्ध ऑक्साइडच्या पावडरचा एक्सरे डिफ्रॅक्शन, म्हणजे आतल्या अणूंची रचना दाखवणारा एक्सरेचा रेघांचा आलेख, काढाल तर कागदावर खोलीचं तापमान लिहाच. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या लॅबमध्ये जिथं एकच टोकदार रेघ येते, तिथंच डिसेंबरात चांगलं मशीन असेल तर ती रेघ फाटून जवळजवळ दोन-तीन झालेली दिसते, पावडर तीच, बाटलीही तीच.