दोन हात, एक नमस्कार

(बालवाडीचं फाटक, सकाळ)
सोलमधली एक बालवाडी. मुलं फाटकातून आत येतात, थांबतात, दोन्ही हात बेंबीवर ठेवतात आणि कमरेतून वाकतात. अक्षरओळखीच्याही आधी कोरियातली मुलं हे शिकतात. आणि समोर बघा, बाईसुद्धा वाकल्या आहेत. कोरियन नमस्काराला नुसतं लाचार वाकणं समजणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटतं.

(हातांचं जवळून दृश्य)
आता हात. सणासुदीला पुरुषांचा डावा हात उजव्यावर, बायकांचा उजवा डाव्यावर. दुःखाच्या घरी याच्या उलट.

(सोल्लाल, घरातली बैठकीची खोली)
चांद्र नववर्षाची, म्हणजे सोल्लालची सकाळ. आजी-आजोबा जमिनीवर बसलेत. हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घातलेला नातू समोर उभा राहतो. एकमेकांवर ठेवलेले हात छातीपर्यंत येतात, मग जमिनीला टेकतात. आधी डावा गुडघा, मग उजवा. कोपरं खाली जातात, कपाळ हातांच्या पाठीजवळ येतं. क्षणभर तसाच थांबून तो उठतो, या वेळी आधी उजवा गुडघा. आपण पाया पडतो तेव्हा हात पायांना लागतो. इथे स्पर्श कुठेच नाही. मधलं अंतर हाही मानाचाच भाग.

याला म्हणतात सेबे. जिवंत माणसाला एकदा, पूर्वजांना दोनदा. जुन्या रीतीप्रमाणे वाकणाऱ्याने बोलायचं नसतं. तो उठून बसतो आणि आजोबांच्या शब्दांची वाट बघतो. आजोबा नव्या वर्षाचे आशीर्वाद देतात, आजी पैशांचं पाकीट पुढे करते. वाकणारा प्रौढ आणि घराबाहेरचा असेल, तर वडीलधारेही थोडं वाकून उत्तर देतात.

(जुनी छायाचित्रं)
ही सकाळ सहज टिकलेली नाही. जपानी राजवटीने एक जानेवारीचं नववर्ष लादलं. १९४५ नंतरच्या सरकारांनीही सुट्टी त्याच तारखेला दिली. तरी घराघरांत लोक जुन्याच दिवशी वाकत राहिले. १९८५ साली सरकारने त्या दिवसाला ‘लोकदिन’ म्हणून एक दिवसाची सुट्टी दिली. सोल्लाल हे नाव आणि तीन दिवसांची सुट्टी परत मिळायला १९८९ उजाडलं. लोकांनी हट्टाने जपलं म्हणूनच हे आज आपल्याला चित्रित करता आलं.

(जेवणाचं टेबल)
रोजच्या जगण्यात हाच मान हातांत उतरतो. सोजूची, म्हणजे कोरियन दारूची बाटली उजव्या हातात, डावा हात मनगटाला किंवा कोपराखाली. हानबोकची रुंद बाही ताटात पडू नये म्हणून ती आवरायची, त्यातून ही सवय आली असं सांगतात. पैसे देताना, हस्तांदोलन करतानाही डावा हात तिथेच. आणि हा तरुण पिताना मान वळवतोय, मोठ्यांसमोर थेट प्यायचं नाही म्हणून.

(कार्यालयाचा कॉरिडॉर)
सकाळी एकदा रीतसर नमस्कार झाला, की दिवसभरात पुन्हा भेटल्यावर नुसती मान लवते, बोलावं लागत नाही. वयाची आणि हुद्द्याची ही उतरंड तरुण नोकरदारांना जाचतेही. काकाओसारख्या तंत्रज्ञान कंपनीत म्हणूनच हुद्द्याऐवजी इंग्रजी नावांनी हाक मारायची पद्धत आणली गेली.

(पुन्हा टेबल)
स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, हा इथला नियम. त्यामुळे तरुणाचा ग्लास रिकामा होताच बाटली वडीलधाऱ्यांकडे जाते. आता ओतणार ते, आणि ग्लास दोन्ही हातांनी धरणार तो.