काडी गेली, अँटेना राहिला

नव्वदच्या दशकातला मोबाईल आठवा. डोक्यावर काडी असायचीच. काही फोनमध्ये ती बोटांनी वर ओढावी लागे. 1998 मध्ये नोकियाच्या 8810 वरून ती नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी 3210 आला आणि बिनकाडीचा फोन सामान्य माणसाच्या खिशात गेला. अँटेना पाठीच्या झाकणाखाली सरकला होता.

हे सरकवणं भलतंच अवघड होतं. त्या फोनच्या 900 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर. अनुनादासाठी, म्हणजे लहरीच्या तालावर डोलण्यासाठी, अँटेना निदान तिच्या पाव लांबीचा हवा, म्हणजे 8 सेंटिमीटर. तार नागमोडी वळवली की जागा वाचते, पण त्याची किंमत मोजावी लागते. 1947 मध्ये हॅरल्ड व्हीलर आणि 1948 मध्ये लॅन जेन चू या अभियंत्यांनी ती गणिताने मांडली. छोटा अँटेना ज्या काल्पनिक गोलात मावतो, त्याची त्रिज्या निम्मी करा. अँटेना ज्या फ्रिक्वेन्सींवर नीट चालतो, तो पट्टा जवळपास आठपट अरुंद होतो. पट्टा रुंदच हवा असेल, तर बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. ‘चिमुकला आणि तरीही सर्वांत ताकदवान’ अशी अँटेनाची जाहिरात दिसली, तर हा हिशेब आधी तपासावा.

मग फोन चालतो कसा?

झाकणाखाली धातूची एक पट्टी असते. सर्किट बोर्डाला समांतर, एका जागी ग्राउंडला, म्हणजे बोर्डातल्या तांब्याच्या थराला, जोडलेली. तिला ‘पीफा’ म्हणतात. ही पट्टी त्या थरात प्रवाह खेळवते, आणि 900 मेगाहर्ट्झला बहुतांश ऊर्जा त्या बोर्डातूनच बाहेर पडते. चू यांच्या गोलात आता अख्खा फोन येतो! या क्षेत्रातली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती. म्हणूनच बॅटरी, कॅमेरा, स्पीकर ठरल्यावर उरलेला कोपरा अँटेनाला देणं चूक आहे. त्याचा अभियंता पहिल्या बैठकीपासून हवा.

त्यात अडथळा आपल्या हाताचा. शरीरातलं पाणी ऊर्जा शोषतं, अनुनादही सरकवतं. 2010 च्या आयफोन 4 मध्ये स्टीलची चौकटच अँटेना होती; डावीकडची खालची फट हाताने झाकली गेली की सिग्नल घसरे. ॲपलने ग्राहकांना मोफत कव्हर देऊ केली.

चौकटीची कल्पना मात्र टिकली. आजच्या अनेक फोनच्या धातूच्या कडेवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसतात. तिथे चौकटीचे वेगवेगळे तुकडे होतात, आणि त्यांतले काही अँटेना म्हणून काम करतात. आतली ट्यूनर चिप गरजेप्रमाणे त्यांचा अनुनाद एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नेते.