हात सावकाश

(पडद्यावर : काचेची पिपेट, अगदी जवळून)

ही काचेची नळी नीट बघा. पिपेट. वरच्या टोकाला कापसाचा बोळा, ते टोक ओठांत धरायचं. खालचं टोक द्रवात बुडवायचं आणि शहाळ्याचं पाणी ओढावं तसं ओढायचं. द्रव खुणेपर्यंत चढला की थांबायचं. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत असंच काम चालायचं. नळीत कधी टायफॉइडचे जंतू असत, कधी विषाणू. तोंड आणि जंतू यांच्यामध्ये काय, तर कापूस.

1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, ती हीच. पाच वर्षांनी, 1957 मध्ये, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला, तो गोचिडीतून पसरतो हेही दाखवलं. हाच माकडताप. पुढे गोव्यात सत्तरीला आणि आपल्या दोडामार्गात ज्याने माणसं दगावली, तोच.

पण जंगलापासून इतक्या दूर, पुण्यातल्या प्रयोगशाळेत हा विषाणू हाताळणाऱ्यांनाही ताप आला. कसा?

अमेरिकेत रॉबर्ट पाइक प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा करत होते. 1976 साली त्यांच्याकडे 3,921 नोंदी होत्या. सुई टोचली, बाटली फुटली, असा माहीत असलेला अपघात त्यांतल्या पाचांत एकापेक्षाही कमी जणांच्या बाबतीत सापडला. बाकीच्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं, निदान दिसेल असं तरी नाही. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढला की टोकाशी बुडबुडा येतो. तो फुटतो. त्याचे तुषार इतके बारीक, की खाली न पडता हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. धोका रोजच्या, हातवळणी पडलेल्या कामातच होता.

हे तुषार मोजून त्यावर उपाय बसवण्याचं मोठं काम अर्नोल्ड वेडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फोर्ट डेट्रिक या लष्करी तळावर केलं. तो तळ जैविक अस्त्रांसाठी उभारलेला होता. माणसं वाचवणारी विद्या अशा जागी वाढली, हे मनाला लागतं. पण ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

(पडद्यावर : कॅबिनेटमध्ये शिरणारे हातमोज्यातले दोन हात)

आता हे हात बघा. कॅबिनेट म्हणजे जंतू हाताळायची, समोर काच असलेली पेटी. तिच्या समोरच्या फटीतून हवा सतत आत ओढली जाते. डोळ्यांना न दिसणारा पडदाच तो. हात झटकन हलवला, की पडदा फाटतो. म्हणून हात सरळ आत न्यायचे, थोडं थांबायचं, हवा स्थिरावू द्यायची, मगच झाकण उघडायचं. नवीन मुलांना पहिल्या दिवसापासून एकच ऐकवतात : हात सावकाश.

यंत्राइतकीच इमारतही महत्त्वाची. 1978 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना देवी आल्या. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण त्याआधीच, 1977 मध्ये सोमालियात बरा झाला होता. देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा पार्कर बाईंच्या कामाच्या जागेच्या खालच्या मजल्यावर होती. 11 सप्टेंबरला त्या गेल्या. विषाणू वर नेमका कसा पोहोचला, याचा वाद अजून मिटलेला नाही. त्यानंतर जगभरचे देवीचे साठे कमी करत शेवटी दोनच ठिकाणी ठेवले गेले, एक अमेरिकेत, एक रशियात.

जोखमीप्रमाणे प्रयोगशाळांच्या चार पातळ्या ठरल्या. चौथी सर्वांत कडक. पुण्यात पाषाणला 2012 मध्ये ती उभी राहिली. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे कुठे फट राहिलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. बाहेर पडणारी हवा फिल्टरमधून जाते, सांडपाणीसुद्धा निर्जंतुक झाल्याशिवाय गटाराला मिळत नाही.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना जैवसुरक्षाच म्हणतो. एक, जंतूंपासून माणसाला सांभाळणं. दुसरी, वाईट हेतूच्या माणसापासून जंतूंना सांभाळणं. 2001 मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू आले, पाच माणसं मेली. तपास यंत्रणेने बोट दाखवलं ते लष्करी प्रयोगशाळेतल्याच एका शास्त्रज्ञाकडे. म्हणून फ्रीजरला कुलूप लागतं, प्रत्येक कुपी मोजली जाते, कोण कधी आत गेलं याची नोंद राहते.

(पडद्यावर : नमुन्याची पेटी)

तिकडे दोडामार्गात काजूचा हंगाम सुरू झाला की तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणीला निघतं. नळी घट्ट बंद, भोवती सांडलं तर शोषून घेणारा कापूस, त्यावर न गळणारा डबा, त्यावर बाहेरची मजबूत पेटी. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर आतला डबा कॅबिनेटमध्ये जातो. तिथे काम करणारी मुलगी हात आत नेते. थांबते. मग झाकण फिरवते.