मॅप सेन्सरचा कोड आला, पुढे काय?

चावी फिरवली आहे, इंजिन अजून बंद आहे. स्कॅनरवर कोड दिसतोय: पी०१०६. मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या.

बऱ्याच गाड्यांचा तपास इथेच आटोपतो. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो आणि थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा पुन्हा हजर! कोडचं म्हणणं खरं तर एवढंच असतं की, इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाचा आकडा इंजिनच्या कॉम्प्युटरला पटलेला नाही. का पटला नाही, ते आपण शोधायचं.

(दृश्य: सेन्सर जवळून)

आत सिलिकॉनचा पातळ पडदा आहे. दाब बदलला की तो किंचित वाकतो आणि सिग्नलचं व्होल्टेज बदलतं. पेट्रोल किती सोडायचं, हे अनेक गाड्यांत कॉम्प्युटर मुख्यतः त्यावरून ठरवतो. या नळीच्या तोंडाशी काजळी आणि तेल साचलंय. ते क्लीनरने साफ करायचं. सुई आत घातली, तर सेन्सर गेलाच म्हणून समजा.

पहिल्या चाचणीला काहीच खोलावं लागत नाही. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. समुद्रसपाटीला आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, हजार मीटर उंचीवर ९०च्या जवळ. इथे ६० दिसले, तर संशय सेन्सरवर किंवा वायरिंगवर.

वायरिंगच्या बिघाडाला बहुधा वेगळे कोड येतात. सिग्नल फार खाली गेला की पी०१०७, फार वर गेला की पी०१०८. मग मल्टिमीटर काढायचा. कनेक्टरवर एक वायर ५ व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. चौथी असली, तर ती हवेच्या तापमानाची. ५ व्होल्टच येत नसतील, तर त्याच लाइनवरचा दुसराच एखादा सेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो, आणि बदलला जातो मात्र हा!

आपल्या गाडीत इंजिन बंद असताना ९८ दिसतात. म्हणजे ठीक. आता स्टार्ट करू. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन गरम झालं, की आयडलिंगला ३० ते ४० अपेक्षित. इथे ५४. आरपीएमही वरखाली होतोय.

सेन्सर बदलायचा मोह होतो तो नेमका इथे. पण हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून पाहिलं, तर आकडा पंपाच्या काट्याबरोबर बिनचूक खाली येतोय. सेन्सर खरं बोलतोय. दाबाचा आकडा जास्त, म्हणजे मॅनिफोल्डमध्येच व्हॅक्यूम कमी आहे. कारण गळती असेल, व्हॉल्व्हचं सरकलेलं टायमिंग असेल किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग. आधी गळती पाहायची, ती सर्वांत सोपी.

(दृश्य: इंजिन बंद, इनटेकमध्ये धूर सोडला जातो)

ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देतो; त्याच्या पाइपाखालून धुराची बारीक रेघ येतेय. पाइप वरून धडधाकट, खालच्या वळणावर चिरलेला. बदलल्यावर आयडलिंगला ३४. सेन्सर जुनाच, फक्त साफ केलेला.