पाचपैकी किती?

(दृश्य : कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. पंख्यांची घरघर. रांगेने बसलेली मुलं. माउसची टिकटिक.)

सेमिस्टरचा शेवटचा आठवडा. सबमिशनचा आठवडा म्हटलं की लगेच ध्यानात येईल. सह्यांसाठी जर्नलांचे गठ्ठे लागलेत. कुणाचा एक प्रयोग लिहायचा राहिलाय, कुणाचं नाव डिफॉल्टरच्या यादीत आलंय. आणि अशात वर्गाचा प्रतिनिधी, म्हणजे सीआर, ग्रुपवर मेसेज टाकतो : आज सगळ्यांनी शिक्षकांचा फीडबॅक भरा, नाहीतर सबमिशनवर सही मिळणार नाही.

मग लॅबमध्ये ही टिकटिक सुरू होते. सहा विषय, प्रत्येकाचे पंधरा-वीस प्रश्न, म्हणजे शंभराच्या आसपास उत्तरं. पण पोरं पाच मिनिटांत उठतात. पहिल्या प्रश्नाला ‘पाच’वर, म्हणजे सर्वांत वरच्या गुणावर क्लिक, तिथून नाकासमोर खाली. एखादा चिडलेला ‘एक’च्या रांगेने उतरतो. तोही नाकासमोरच.

(दृश्य : मेट्रॉलॉजी लॅब. व्हर्निअर कॅलिपरचा जबडा एका दंडगोलावर मिटतो.)

हीच मुलं कालच्या प्रॅक्टिकलला हे उपकरण हाताळत होती. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, 0.02 मिलिमीटर. त्याहून बारीक रीडिंग जर्नलमध्ये लिहिलं की सर लाल पेनाने गोल करतात. झीरो एरर, म्हणजे जबडा मिटलेला असतानाच शून्याऐवजी दिसणारी चूक, पाहिला का, हा ओरलचा ठरलेला पहिला प्रश्न. इकडे मात्र पाच मिनिटांच्या टिकटिकीतून एका शिक्षकाचा आकडा निघतो : 4.37. दशांशचिन्हापुढे दोन घरं! या उपकरणाचा झीरो एरर कुणी काढलाय, असं विचारणारं लॅबमध्ये कुणी नसतं.

(दृश्य : जुन्या छापील फॉर्मवर कॅमेरा सावकाश सरकतो.)

हा फॉर्म आजचा नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचं विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगसाठी जगभर माहीत असलेलं. तिथल्या हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने ब्रँडेनबर्ग या सहकाऱ्यासोबत 1927 मध्ये शिक्षकांना गुण देण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला जोखायचं, ही त्या काळी धीटच कल्पना. पुढे हे फॉर्म सगळीकडे पसरले, आणि त्यांच्यावर पगार, बढती, नोकरी ठरायला लागली.

आपल्याकडेही ठरते. 2019 मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या संस्थेने शिक्षकांसाठी 360 अंशांचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी जोखणारा फीडबॅक आणला. शिक्षकाच्या 100 गुणांपैकी 25 विद्यार्थ्यांच्या हातात. आता दुसरी बाजू बघा. त्याच विद्यार्थ्यांच्या टर्म वर्कचे मार्क त्याच शिक्षकाच्या हातात. फॉर्मच्या वर ठळक लिहिलेलं असतं की तुमचं नाव गुप्त राहील, आणि आत शिरायचं असतं पीआरएन, म्हणजे स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकून. एकमेकांच्या खिशात एकमेकांचे मार्क. कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजही पडत नाही.

त्यात आणखी एक फॉर्म असतो, कोर्स एक्झिट सर्व्हे. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या देशादेशांत मान्य करण्याच्या कराराचा, कायम सदस्य झाला. त्यानंतर कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या एनबीए या संस्थेच्या मानांकनासाठी कॉलेजांची धावपळ वाढली आणि प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला ‘कोर्स आउटकम’, म्हणजे या विषयातून काय यायला हवं ते, आले. शेवटी मुलांनाच विचारायचं : तुम्हाला हे जमतं का? ‘थेवेनिनचं प्रमेय वापरून सर्किट सोडवता येतं’ यापुढे तीनपैकी तीन टिक करणारा मुलगा दोन महिन्यांनी त्याच विषयात नापास होऊन केटी घेऊन हिंडताना दिसतो. खोटं बोलला म्हणावं, तर तसंही नाही. टिक करताना त्याला खरंच वाटत होतं, येतंय म्हणून.

हे ‘वाटणं’च तपासायला हवं.

(दृश्य : फळ्यावर खडूने लिहिलेलं इंटिग्रेशन. अर्ध्यावर थांबलेला हात.)

कोलोरॅडोत अमेरिकन हवाई दलाची अकादमी आहे. तिथे कॅडेटना शाखा कुठलीही असो, कॅल्क्युलस आणि इंजिनिअरिंगचे काही विषय सक्तीचे. आपल्याला कोण शिकवणार हे कॅडेट निवडत नाही. कोण कुणाच्या वर्गात जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. सगळ्या वर्गांना अभ्यासक्रम एक, परीक्षाही एक. संशोधकाला यापेक्षा आणखी काय हवं? हुशार मुलं चांगल्या सरांकडे गेली म्हणून निकाल चांगला लागला, ही पळवाट इथे बंद.

स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इथल्या दहा हजारांवर विद्यार्थ्यांची माहिती चाळली आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. ज्या प्राध्यापकांना मुलांनी जास्त गुण दिले, त्यांची मुलं त्या सेमिस्टरच्या परीक्षेत चमकली. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण त्यांनी तिथेच न थांबता ही मुलं पुढच्या विषयांत कशी गेली तेही पाहिलं, म्हणजे आपल्या भाषेत गणिताच्या पहिल्या पेपरची, एम-वनची मुलं एम-टूला आणि मेकॅनिक्सला. तिथे चित्र उलटं. लाडक्या प्राध्यापकांची मुलं मागे पडली. अनुभवी, जास्त शिकलेल्या प्राध्यापकांची मुलं आधीच्या परीक्षेत थोडी कमी, त्या सरांना गुणही कमी, पण पुढच्या विषयांत तीच सरस. लेखकांनी सुचवलेलं एक कारण सरळ आहे : काहीजण परीक्षेपुरतं शिकवतात, काहीजण विषय शिकवतात.

हार्वर्डचा प्रयोग लहान, पण तोही याच वाटेने जातो. 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. फिजिक्सचा वर्ग, धडे स्थिर समतोल आणि द्रवांचे, म्हणजे आपल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ओळखीचेच. अर्ध्या मुलांना सफाईदार व्याख्यान. बाकीच्यांना गटात बसवून आधी स्वतः झगडायला लावलं. पुढच्या धड्याला अदलाबदल. चाचणीत झगडणाऱ्यांचे मार्क जास्त आले. पण ‘आज किती शिकलो?’ या प्रश्नाला व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला वरचे गुण दिले. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असं वाटतं, आणि सरांनी सोडवलेलं गणित बघताना सगळंच येतंय असं वाटतं. क्लास लावलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही.

(दृश्य : रिकामा वर्ग. शेवटच्या बाकावरून दिसणारा फळा.)

आता माझी गोष्ट. मी इलेक्ट्रिकलचा. दुसऱ्या वर्षाला आमच्या डिव्हिजनला एम-थ्री शिकवायला जे सर होते, ते सम्स फार घ्यायचे नाहीत. अवघड समीकरणं सोपी करून देणारा लाप्लास ट्रान्सफॉर्म कुठून आला, तो नसता तर काय अडलं असतं, यात दोन-दोन लेक्चर घालवायचे. शेजारच्या डिव्हिजनच्या सरांनी युनिटवार आयएमपी, म्हणजे परीक्षेला येतील असे महत्त्वाचे प्रश्न, काढून दिले होते. त्याची झेरॉक्स आमच्याकडेही फिरली, पण झेरॉक्स ती झेरॉक्स. फीडबॅकच्या दिवशी मी आमच्या सरांना ‘दोन’च्या रांगेने उतरवलं.

त्या सरांना मला उगाच देवपण द्यायचं नाही. त्यांचं अक्षर मुंगीएवढं होतं. मागच्या तीन बाकांवरून फळा वाचता यायचा नाही, आणि प्रश्न विचारला तर ते फळ्याकडे तोंड करूनच उत्तर द्यायचे. या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आणि चौथ्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर सुटण्यासारख्या होत्या. पण फॉर्म आला शेवटी. बारीक अक्षर, पाठमोरी उत्तरं, न घेतलेली सम्स आणि आमचा आळस, सगळं एका सरासरीत मिसळलं आणि त्या लगद्यातून सरांच्या हातात एक आकडा पडला. त्यातून त्यांना काय कळलं असेल?

(दृश्य : न्यायालयासारखी लांब टेबलं. कागदांचे गठ्ठे.)

टोरंटोतल्या रायर्सन विद्यापीठात हा वाद लवादापर्यंत गेला. या विद्यापीठाचं नाव आता टोरंटो मेट्रोपॉलिटन आहे. प्राध्यापकांच्या संघटनेचं म्हणणं होतं की या आकड्यांवर आमची बढती ठरवू नका. 2018 मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निकाल दिला : शिकवणं किती परिणामकारक आहे हे मोजायला या सरासऱ्या वापरता येणार नाहीत. पण निकालाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांना वर्गात काय अनुभव आला, हे विद्यार्थ्यांइतकं चांगलं कुणीच सांगू शकत नाही. बोलणं समजत होतं का? तास बुडत होते का? तपासलेले पेपर वेळेत परत मिळत होते का?

म्हणजे मुलगा साक्षीदार चांगला. आपण त्याला साक्षीच्या पिंजऱ्यातून उचलून थेट न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवतो. ‘सरांचं विषयावरचं प्रभुत्व कितपत आहे?’ असं एकोणीस वर्षांच्या पोराला विचारतो. त्याला तो विषय येत असता तर तो त्या वर्गात कशाला बसला असता?

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेने 2017 पासून विद्यार्थ्यांचं समाधान तपासणारं ऑनलाइन सर्वेक्षण घेतलं. त्यातला पहिलाच प्रश्न मात्र साक्षीदाराला शोभणारा होता : अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवला गेला? पर्याय टक्क्यांत. 85 ते 100 पासून सुरुवात, शेवटी 30 हून कमी. पुढचा प्रश्न शिक्षक किती तयारी करून येतात याचा, आणि त्यात अगदी तळाला एक पर्याय : शिकवतच नाहीत. सरकारी भाषेत एवढा रोखठोक पर्याय क्वचितच सापडतो.

(दृश्य : तिसऱ्या वर्षाचा वर्ग. फळ्यावर ब्लॉक डायग्राम, आत ‘एस’ लिहिलेले चौकोन.)

तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्स आला. फळ्यावर ट्रान्सफर फंक्शन, आणि सगळीकडे तोच लाप्लास. आयएमपीवाल्या डिव्हिजनची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी काही फार दिवे लावले नाहीत, पण लाप्लासचा तो ‘एस’ तिथे काय करतोय, हे मला कळत होतं. का कळत होतं, तेही कळत होतं.

त्या सेमिस्टरच्या शेवटीही फीडबॅक आला. सहा विषय, सहा शिक्षक. एम-थ्रीच्या सरांचं नाव त्या यादीत असणं शक्यच नव्हतं. मी लॉगिन केलं, पीआरएन टाकला आणि ‘पाच’च्या रांगेने खाली उतरलो.

(दृश्य : माउसची टिकटिक. स्क्रीनवर ‘आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे’.)