पाचव्या महिन्याची सोनोग्राफी: बाळाचा मेंदू आता कॉम्प्युटरही तपासतो, पण कसा?

नमस्कार मंडळी. घरात कुणाचा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा, म्हणजे अॅनोमली स्कॅनचा रिपोर्ट असेल, तर त्यात 'लॅटरल व्हेंट्रिकल' ही ओळ शोधा. पुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. तो १० च्या आत असला की कुणी त्याच्याकडे बघतही नाही. १० किंवा त्याच्या वर गेला, की रिपोर्टमध्ये 'व्हेंट्रिक्युलोमेगाली' हा शब्द येतो, घरी कुणीतरी म्हणतं, "बाळाच्या डोक्यात पाणी झालंय", आणि त्या घरातली झोपच उडते.

आधी हे पाणी समजून घेऊ. मेंदूच्या आत पोकळ्या (व्हेंट्रिकल) असतात आणि त्यांत द्रव असतोच, प्रत्येक बाळाच्या असतो. प्रश्न फक्त पोकळी किती रुंद आहे याचा. १० ते १२ मिलिमीटर म्हणजे सौम्य. सोबत दुसरा कुठलाही दोष नसेल, तर यातली बहुतेक बाळं पुढे व्यवस्थित वाढतात. १५ च्या वर गेलं तर मात्र ते गंभीर.

आता बघा, ९.८ आणि १०.२ यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. काकडी सरळ कापली की चकती गोल निघते, तिरकी कापली की लांबट. काकडी तीच असते. तसंच पोटावर फिरवायचा प्रोब जरा तिरका पडला की पोकळी आहे त्यापेक्षा रुंद दिसते. म्हणून मेंदू तीन ठराविक आडव्या छेदांत बघायचा असतो: पोकळ्यांच्या पातळीवर, मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसच्या पातळीवर आणि मागच्या 'लहान मेंदू'च्या (सेरेबेलमच्या) पातळीवर. बाळ मात्र आपल्या सोयीने वळत नाही, आणि बाहेर बाकावर आणखी पंधरा-वीस जणी बसलेल्या असतात.

सोनोग्राफीची चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. छेद बरोबर मिळाला की नाही, हे ते लगेच सांगतं. मग कवटीची कड, पोकळ्या, लहान मेंदू हे सगळं ठिपक्या-ठिपक्याने वेगळं काढून मोजतं. यामागे बऱ्याचदा कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवणारी 'यू-नेट' नावाची रचना असते. ती २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात खास वैद्यकीय चित्रांसाठी तयार झाली.

दोष ओळखणं त्याहून अवघड. उदाहरणार्थ, मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, काही बाळांमध्ये तयारच होत नाही. पण अशी बाळं विरळ, त्यामुळे कॉम्प्युटरला शिकवायला पुरेशी चित्रंच नसतात. मग काही संशोधक उलट्या बाजूने जातात. कॉम्प्युटरला फक्त निरोगी मेंदू दाखवायचे, आणि त्या चौकटीत न बसणारं दिसलं की खूण करायला लावायची.

पण निरोगी म्हणजे कुणाचा मेंदू? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात गर्भाच्या मेंदूचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. ८९९ बाळांच्या १,०५९ थ्री-डी सोनोग्राफी, १४ ते ३१ आठवडे. जगातल्या आठ ठिकाणची ही बाळं होती आणि त्यातलं एक ठिकाण आपलं नागपूर! जन्मानंतर दोन वर्षांपर्यंत त्यांची वाढ तपासली होती. मोजमापांमध्ये जो काही फरक आढळला, त्यातला ८ टक्क्यांहूनही कमी भाग ठिकाण बदलल्यामुळे होता. म्हणजे आईची तब्येत आणि आहार चांगला असेल, तर नागपूरच्या आणि ऑक्सफर्डच्या बाळाचा मेंदू जवळजवळ सारखाच वाढतो.

या अभ्यासातल्या प्रत्येक आईचे आठवडे मात्र पहिल्या तिमाहीतच नक्की केलेले होते. आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या कितीतरी जणींची पहिली सोनोग्राफीच पाचव्या-सहाव्या महिन्यात होते. पाळीची तारीख आठवत नाही. आठवडे सॉफ्टवेअरला आपणच सांगतो. २० आठवड्यांचं बाळ २३ चं म्हणून नोंदवलं, तर त्याचा मेंदू लहानच ठरणार. अनुभवी सोनोलॉजिस्ट इथे मागच्या 'लहान मेंदू'ची (सेरेबेलमची) रुंदी बघतात, कारण १५ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान तिचे मिलिमीटर आणि बाळाचे आठवडे साधारण सारखे येतात.

माझं स्पष्ट मत आहे की, हे सॉफ्टवेअर आधी तालुक्याच्या ठिकाणी यायला हवं. नाशिक शहरात शंका आली तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांकडे जाता येतं. सुरगाण्याहून त्यासाठी घाट ओलांडून यावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडवून. तो फेरा खरंच गरजेचा आहे का, हे तिथेच कळलं तर केवढं बरं!

सॉफ्टवेअरने केलेली खूण म्हणजे निदान नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. त्यानंतर तज्ज्ञांकडून पुन्हा स्कॅन, गरज असेल तर एमआरआय. २० व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो, वळ्या नंतर पडतात. त्यामुळे काही दोष तेव्हा दिसूच शकत नाहीत. आणि सॉफ्टवेअर आलं म्हणून पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा बदलत नाही. नोंदणी असलेलं केंद्र, पात्र डॉक्टर आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा फॉर्म एफ हे सगळं लागतंच.

अॅनोमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांत करून घ्या, असं मी पुन्हा पुन्हा का सांगते? गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी आहे, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. लवकर कळलं तर दुसरं मत घ्यायला, विचार करायला वेळ मिळतो. गर्भ ठेवायचा असेल, तर बाळंतपण नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी ठरवता येतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गावातल्या आशाताईंना विचारा. आणि एक विनंती, रिपोर्टचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका, त्यावर तुमचं नाव आणि पत्ता असतो. प्रश्न नुसता लिहिलात तरी चालेल.